पाट्या वाचणारी

एप्रिल अठ्ठ्याहत्तर. धंतोलीतल्या एका शाळेचा हॉल.
कूलरला वाळ्याचे ताटे, चपराशी बादलीनं पाणी मारतोय,
भाड्याच्या साठ खुर्च्या,
आणि पुण्याहून पार्सलनं आलेली सात रिळं.
जर्मन. मुकी.

नागपुरात जर्मन कोणाला येतं
हे शोधत देवपुजारी एजी ऑफिसात आले होते.
मी तिथं दुसऱ्यांच्या बेरजा तपासायची.
माझं जर्मन म्हणजे संध्याकाळचा दीड वर्षाचा कोर्स;
सरांची बदली झाली तेव्हा
आम्ही भूतकाळापर्यंत पोचलो होतो.

टॉर्च दिला, स्टूल दिलं, पडद्याच्या उजव्या कडेला.
"पाटी आली की वाचायची, बाई. खणखणीत.
अभिनय नको."

पहिल्याच पाटीवर त्या माणसाला मी 'खेळाडू' म्हटलं.
मागच्या रांगेतली पोरं हसली.
पडद्यावर तो दाढ्यांचा खण उघडत होता,
प्रत्येक दाढीला चिठ्ठी, चिठ्ठीवर एक नाव.
सकाळी बाजारातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे करून
त्यानं एक अख्खं शहर भिकेला लावलं,
दुपारी त्याच शहराच्या धर्मादाय सभेत
अध्यक्षाच्या खुर्चीत बसला,
रात्री पत्त्यांच्या टेबलाशी
समोरच्याकडे नुसतं बघत राहिला.
समोरच्यानं हातातली राणी उलटी ठेवली
आणि हरलो म्हणाला.

म्हणाला कुठं? ओठ हलले.
"हरलो" मी म्हणाले.

त्या साली महालातली एक मोठी भिशी बुडाली होती.
चालवणारा हसतमुख, दर गुरुवारी पेढे वाटायचा.
खुशाल बोकडे, घड्याळवाले, तिसऱ्या रांगेत,
चवथ्या रिळाला उभे राहिले.
"ह्याच आवाजात बोलला होता थो."
कोणीतरी त्यांना हात धरून बसवलं,
"काका, मुका सिनेमा आहे हा."
बोकडे पडद्याकडे बघतच नव्हते.
माझ्या टॉर्चकडे बघत होते.

पाचवं रीळ खरवडलेलं.
त्याचा चेहरा मोठा होत होत पडदाभर झाला,
आणि पाटी आली ती नुसत्या पांढऱ्या रेघांची.
वाचण्यासारखं काही नव्हतं.
साठ माणसं अंधारात माझी वाट बघत होती.

खरं तर म्हणायचं होतं, पाटी खराब आहे.
मी म्हणाले,
सावकाश, अभिनय न करता:
"तुमच्या खिशात जे आहे
ते तुम्ही माझ्यासाठीच सांभाळलंय."

पडद्याच्या उजेडात मला दिसलं,
हात खिशांवर गेले.
वकिलांचा गेला. देवपुजाऱ्यांचा गेला.
हसणाऱ्या पोरांचे गेले, ज्यांच्या खिशात
परतीच्या बसचे चाळीस पैसे असतील नसतील.
बोकड्यांचा हात तेवढा मांडीवरच राहिला.

त्यानंतरच्या पाट्या मी वाचल्या,
पण सगळ्याच त्यांच्यावर होत्या असं नाही.

शेवटी पोलीस आले, दार तुटलं,
खोलीत तो नव्हता, खण उघडा होता.
दिवे लागले. टाळ्या. देवपुजारी म्हणाले,
"काय भाषा आहे हो जर्मन!"
पंधरा रुपये पाकिटात, आणि एक कप चहा.

घरी येऊन शब्दकोश काढला.
त्या पहिल्या शब्दापुढे चार अर्थ होते:
खेळाडू. वादक. नट. जुगारी.
मी एकच सांगितला होता,
त्यातल्या त्यात निरुपद्रवी.

सोमवारी टेबलावर कुठल्याशा खात्याचं रजिस्टर.
निळी शाई, सुंदर अक्षर,
बेरीज पैशापर्यंत जुळलेली.
जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कोणी नसताना,
मी त्यातलं एक पान मोठ्यानं वाचून पाहिलं.
खणखणीत.

मग लाल पेन्सिल घेतली
आणि पहिल्या ओळीपासून
परत मोजायला लागले.