तिसऱ्या मात्रेवर

शुक्रवारी रात्री बारा वाजता
जुनैदचा एकट्याचा आल्बम आला.
नाव ठेवलंय शून्य दोन तीन तीन,
म्हणजे आपलाच कोड, सांगली-मिरजेचा,
आता कुणी फिरवत नाही तो.

आठ गाणी. गिटार कुठंच नाही.
गणपतीच्या मांडवात ज्या आवाजानं
दोन स्पीकर फाडले होते, तो आवाज
बोअरमध्ये पडलेल्या बादलीसारखा
खाली कुठंतरी आपटत राहतो.

हरभट रोडवर विश्वंभर चौगुलेनं
सोल्डरिंगची सळई बाजूला ठेवली, सगळा ऐकला.
"असले आवाज माझ्याकडं रोज दुरुस्तीला येतात,
ते बंद करायचे मी पैसे घेतो," म्हणाला
आणि सळई परत तापत घातली.

बाहुबली मगदूम भांडायलाच आला,
कोपरापर्यंत मार्केट यार्डातली हळद.
त्याच्या पाठीवर आमच्या बँडचं नाव गोंदलंय: गंज.
"पाठ सोलून परत देऊ काय त्याला?
ओरडायचा तवा वाटायचं, माझ्याच घशातनं निघालंय.
आता मशीन बोलालंय
आणि ह्यो नुसता शेजारी उभारलाय."

रूथ आवळे मिरजेत आयसीयूत रात्रपाळी करते.
एका कानात इयरफोन, दुसरा कान पेशंटला मोकळा.
"तुम्ही दिवसा ऐकताय, म्हणून चुकताय.
पहाटे तीनला नऊ खाटांचे नऊ मॉनिटर
आपापल्या तालात वाजत असतात,
कुणाचं कुणाशी जुळत नाही.
चौथं गाणं लावलं
आणि पहिल्यांदा मला ते एकत्र ऐकू आले."
मग चहाचा कप फिरवत:
"खरं सांगू? गंज मला कधीच आवडला नाही."
सात वर्षं ती पहिल्या रांगेत असायची.

जुनैदच्या अब्बांना मीच ऐकवला,
शनिवारच्या बाजारात, धार लावायच्या चाकाशी.
कुणाचा फोन आल्यासारखा त्यांनी मोबाइल कानाला लावला.
पाचव्या गाण्यात त्यांचंच चाक आहे,
पोलाद घासल्याचा आवाज, ठिणग्या वजा.
ओळखलं का ते कळलं नाही.
एक बाई दोन विळ्या घेऊन उभी होती.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"बोलत कोण नाही. पर लाइन चालू हाय."
आणि फोन कानावरनं काढला नाही.

माझं मत कुणी विचारलं नाही.
मी ड्रमर होतो.
पुराचं पाणी खणभागातल्या खोलीत शिरलं
तेव्हा माझा सेट तीन दिवस बुडून होता.
बाहेर काढला तर लाकूड फुगलेलं,
पानांवर गाळ, आणि एका ढोलात जिवंत खेकडा.
हप्त्यावर नवा घेऊ म्हणालो.
"बघू," म्हणाला जुनैद,
आणि लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून पुण्याच्या गाडीत बसला.
मी विश्रामबागेत फ्लेक्स छापतो आता.

सातवं गाणं मी अकरा वेळा ऐकलंय.
त्यात ठेका आहे, यंत्राचा, कोरडा,
पण तिसरी मात्रा उशिरा पडते.
केसभर. दर वेळी तेवढीच.
ही माझी खोड.
हिच्यापायी त्यानं मला तासगावच्या स्टेजवर
माइक चालू ठेवून आईवरनं शिवी दिली होती.
यंत्राला अशी खोड आपोआप लागत नाही,
कुणीतरी रात्र-रात्र बसून
एकेक ठोका बोटानं मागं सरकवलेला असणार.
का, ते विचारायला नंबर आहे माझ्याकडं.

विश्वंभर म्हणतो, सॉफ्टवेअरची चूक असंल.
बाहुबलीला मी सांगितलंच नाही,
त्याला राग नीट जपू दे.

प्रिंटरचा गाडा डावीकडनं उजवीकडं जातो, परत येतो,
कुठल्याशा युवा नेत्याचं कपाळ इंचाइंचानं उमटतंय,
गाणं सातवं,
आणि टेबलावर माझी बोटं
यंत्राच्या आधी पोचू नये म्हणून
तिसऱ्या मात्रेवर थांबून राहतात.