पाणाड्या आणि वीस बादल्या

वायदोतासच्या हातात हेझलची बेचकी फांदी वळते
हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.
आधी तेवढं लिहून ठेवते.
मनगटाच्या शिरा तटतटतात, आणि टोक
तहानलेल्या वासरासारखं मान खाली घालतं.
वळते की नाही, हा प्रश्नच नाही.
वळवतं कोण, एवढाच आहे.

साप्ताहिकात आलं होतं: एकशे बारा विहिरी, एकही कोरडी नाही.
मोजल्या कुणी? त्यानेच.
कोरड्या निघालेल्या?
त्या विहिरी नव्हेत, ते खड्डे.
खड्डे कोण मोजतं!
आणि ऊतेनाच्या उत्तरेला, आमच्या या तळ्यांच्या मुलखात,
कुठेही खणा, पाणी लागतंच.
लागणार नाही अशी जागा कुणी दाखवली
तर त्याच्या पाया पडेन मी.

हे मी वर्गात म्हणाले.
सातवीतला एइमांतास उभा राहिला:
"बाई, ते माझे आजोबा आहेत."

मग पुढचं सगळं आलंच.

बीटाच्या कोठारात वीस बादल्या.
आधी उघड्या बादल्यांवर सराव: विसापैकी वीस.
टाळ्या. बातमीदाराने फोटो घेतला.
मग आम्ही सगळे बाहेर, थंडीत, पाय आपटत,
आणि आत पोस्टातली दानगुओले एकटी,
दर बादलीला नाणं उडवत:
छापा पाणी, काटा वाळू, वर झाकण.
यादी पाकिटात, पाकीट पर्समध्ये,
आणि ती साडेनवाच्या बसने बहिणीकडे.
कोठारात जाणाऱ्या कुणालाच काही ठाऊक नको.
मलाही नको.
माझ्या भुवईलासुद्धा नको.

तो प्रत्येक बादलीपाशी थांबला.
घाईत नव्हता, नाटकात नव्हता.
नवव्या बादलीवर तर त्याने डोळे मिटले
आणि मला वाटलं (हेही लिहायला हवं)
बरोबर येऊ दे याचं.

संध्याकाळी पाकीट उघडलं.
अकरा.
नाणंच उडवत बसला असता
तरी तिथेच कुठेतरी आला असता.
जिंकल्यावर बोलायचं एक वाक्य मी घोकून ठेवलं होतं.
ते तसंच राहिलं.
तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला.
म्हणाला, छपराला लोखंडी खिळे आहेत.
मग म्हणाला, झाकणं ओक लाकडाची.
मग काहीच म्हणाला नाही.

गुरुवारी मथळा: पाणाड्यापुढे विज्ञान निरुत्तर.
फोटो सरावाचा.
खाली बारीक टायपात: निम्म्याहून अधिक अचूक.
मी तीनदा वाचलं.
खोटा असा एक शब्द सापडला नाही.

त्याच रात्री तो दारात. हातात फांदी.
"मी फसवत नाही, बाई."
म्हटलं, ठाऊक आहे मला.
"मग घ्या. तुम्ही धरा."

धरली. स्वयंपाकघरभर फिरले,
मनात हसत, हात घट्ट, मान ताठ.
आणि खिडकीखाली, जिथून नळाचा पाइप जातो,
तिथे ती वळली.
मी वळवली नाही. शपथेवर सांगते.
माझ्याच मुठीत, मला न विचारता,
सालं सोलवटतील अशी वळली.

तो बराच वेळ फरशीकडे बघत राहिला.
"पाइप इथे नाही," म्हणाला.
"तुमच्या नवऱ्याने आणि मी त्या भिंतीकडे सरकवला.
ज्या साली बर्फ एप्रिलपर्यंत होतं, त्या साली.
तुम्ही विल्नियसला होतात."

आम्ही दोघं त्या कोरड्या फरशीवर उभे.
कोण हरलं, काही कळेना.

मग त्याने चौकटींची वही मागितली.
एकेक खड्डा सांगू लागला: गाव, साल, किती मीटर.
मी लिहीत गेले. चहा निवला. एक वाजला.
सतराव्यापाशी अडला.
"हा नको लिहू.
बाईने गाय विकली होती त्यासाठी."

मी लिहिला.