गेजचं कपाट

विश्रामबागच्या हॉटेलात दोन दिवस बसून
आम्ही पाच वर्षांचं धोरण ठरवलं.
पांढऱ्या फळ्यावर बाण काढले, पुसले, परत काढले.
दुपारी भडंग आली. तेलकट बोटांनी
मीच लिहिलं : रिजेक्शन नवावरून तीनवर.
मगदूम शेठ म्हणाले, झकास. फ्रेम करा.

फ्रेम झाली.
कुपवाडच्या फाउंड्रीत हजेरीच्या यंत्रावर टांगली.
चार महिने माणसं तिच्याखाली अंगठा टेकवून
आत जात राहिली,
आणि पंपाच्या बॉड्या शंभरातल्या नऊ,
कधी दहा,
भंगाराच्या ढिगावर येऊन पडत राहिल्या.

मी मीटिंगा घेतल्या. तक्ते रंगवले, लाल पिवळे हिरवे.
‘आपलेपणा कमी पडतोय’ असंही एकदा
माइकवरून बोलून गेलो.

मग एका रात्री गाडी पंक्चर, म्हणून थांबलो.
तिसरी पाळी. इलाही शिकलगार
कोअर साच्यात ठेवण्याआधी
डोळे मिटून अंगठ्यानं चाचपत होता.

गेज कुठंय?
कपाटात.
मग काढ की.
कुलूप हाय. किल्ली चौगुल्यांकडं,
अन् चौगुले सहाच्या ठोक्याला सावळीला जात्यात.
अंगठ्यानं कळतं?
कळतं की, साहेब. केसाएवढं चुकतं कवा कवा.
तेवढंच तुमचं नऊ.

सकाळी सुकुमार चौगुल्यांवर ओरडायचं ठरवूनच गेलो.
त्यांनी ड्रॉवरमधून एक पिवळी चिठ्ठी काढली :
गेज गहाळ, रक्कम पगारातून वसूल, तीन हप्ते.
खाली सही. वळणदार.
माझी.

काही बोललो नाही.
फ्रेम उतरवली, त्याच खिळ्याला किल्ली अडकवली,
आणि चिठ्ठीच्या पाठीमागं लिहून दिलं,
हरवलं तर माझ्या पगारातून.
चौगुल्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून एकदा.

आता सहा आहे. साडेपाच, एखाद्या बऱ्या आठवड्यात.
शेठ विचारतात, तीन कधी?

काल शिकलगारला विचारलं, उरलेलं कुठं अडलंय?
तो हसला नाही. म्हणाला,
वाळू ओली येती. दोन वर्षं सांगतोय.
तुमी कधी हात घालून बघितलाय?

घड्याळ काढून खिशात ठेवलं.
बाही दुमडली.