सिन्स की फॉर

घणसोलीत झेरॉक्सच्या दुकानावर क्लास.
टीचर सांगतात : मोजता आलं तर फॉर,
सुरुवात ठाऊक असली तर सिन्स.

गुलाब मढवी अर्ज लिहितेय,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचा.
वुई आर वेटिंग सिन्स...
पेन अडतं.
मिठागर गेलं तेव्हापासून, की
बापसानं अंगठा उठवला त्या दुपारपासून?

टीचर ‘आर’ खोडतात,
वर लिहितात ‘हॅव बीन’.
आता बरोबर, म्हणतात.

‘आणि परवा?
परवा साहेब बोलला, परवा या.
दोन्हीला एकच शब्द चालंल?’

नाही चालत.
टीचर फळ्यावर दोन टोकांना दोन परवा काढतात,
मध्ये तीन चौकोन :
काल, आज, उद्या.

गुलाब बघत राहते.
एवढ्याशा जागेत
बापसाचं म्हातारपण
मावलं कसं?