विश्रांतीचा रकाना

मिरकरवाड्याच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्याला चिकटून
एक पत्र्याची खोली आहे, तिच्यात मी बसतो.
बांगडा किती, सुरमई किती, बर्फाच्या लाद्या किती,
आणि एक वेगळी वही, लाल कापडी पुठ्ठ्याची:
गाडी, ड्रायव्हर, सुटली, पोचली,
आणि अगदी कडेला, करंगळीएवढा,
विश्रांतीचा रकाना.

नियम भिंतीवर आहे, कॅलेंडरच्या मागे.
दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस.
सलग पाच तास झाले की
निदान अर्धा तास चाक थांबवायचं.
शेठ म्हणतात, नियम चांगलाच आहे.
शेठ म्हणतात, बर्फाला वाचता येत नाही.

म्हणून मी लिहितो.
गाडी सुटायच्या आधीच लिहून टाकतो,
माणगाव, दीड ते दोन,
निळ्या शाईत, जरा घाईच्या अक्षरात,
रोज पाच-दहा मिनिटं मागेपुढे करून,
खरं वाटावं म्हणून.
किती जणांना झोपवलंय मी असं!
नाचणकरला पोलादपूरच्या पंपावर,
दाभोळकराच्या पोराला वडखळला,
आणि एकदा तर रजेवर घरी असलेल्या माणसालाही.

आम्ही इथे मासा डोळ्यांवरून पारखतो.
सुलेमान होडेकर खिडकीत वाकला तेव्हा
मी आधी डोळेच पाहिले, आणि मग वहीत मान घातली.
म्हणाला, "माझ्या नावावर झोप किती जमा झाली रे?"
मी खरंच बेरीज केली.
एकशे अठ्ठ्याऐंशी अर्धे तास.
"म्हणजे चौऱ्याण्णव. काढता येतील?"
तो हसला, मीही हसलो,
बाहेर बर्फ फोडायचं मशीन चालू होतं,
आधी कोण थांबलं ते कळलं नाही.

मग चहा पिता पिता सांगत राहिला,
कशेडीच्या वळणांनी कसं जागं ठेवलं इतकी वर्षं.
हात भरून यायचे, पण डोळा लागायचा नाय.
आता बोगदा. सरळ रस्ता, पिवळे दिवे एकामागून एक,
कोणीतरी पाठीवर थोपटल्यासारखे.
"आणि झोप समोरून येत नाय, मेल्या,
हॉर्न देत नाय,
डावीकडून गपचूप पुढे काढते."

त्या आठवड्यात भरती उशिरा आली, होड्या उशिरा लागल्या.
नऊला सुटली त्याची गाडी.
पावणेदोनला ससून डॉकच्या व्यापाऱ्याचा फोन,
गाडी कुठाय? ड्रायव्हर उचलत नाय.
मी वही उघडली आणि, हसू नका,
मला बरं वाटलं.
माणगावला आहे. दीड ते दोन. झोपलाय.
माझंच अक्षर, माझाच विश्वास.

दोन वाजले.
वहीतली झोप संपली.
तो अजून उचलेना.

दोन वीस. जेटीवर कुत्री जाळ्यांच्या ढिगावर
अंगाचं मुटकुळं करून पडलेली.
दोन तीस. मी सावित्रीच्या पुलाचा विचार करायचा नाही असं ठरवलं
आणि तोच करत बसलो.
दोन चाळीसला वाजला फोन.
"झोपलो होतो रे. लोणेऱ्याच्या अलीकडे, चिंचेखाली.
घड्याळ बघून झोपलो. एक तास. पुरा.
व्यापाऱ्याला सांग, सुरमई मेलेलीच आहे,
तिला काय घाई?
आणि लिही. हा लिही."

मी पेनाचं टोपण काढलं.
रकाना भरलेला होता.
माणगाव, दीड ते दोन.
खरा एक तास हातात घेऊन बसलो,
वहीत त्याला जागा नव्हती.

शेवटी समासात लिहिला, तांबड्या रेघेच्या बाहेर,
उभा, वही आडवी धरून.

सकाळी शेठनी बोट ठेवलं.
शाई अजून ओली होती की हात दमट होते त्यांचे,
जरा फिसकटलं.
"हे बाहेर काय लिहिलंयस?"

म्हटलं, झोप.