खोकला

इसाफ्योर्दुरला दुपारी तीनलाच अंधारतं.
मी मासळीच्या कारखान्यासाठी सुरक्षेचा कोर्स बांधते,
यंत्राचा आवाज तो वाचून दाखवतो.
गुणी आवाज. सर्दी नाही, सुट्टी नाही,
एक वाक्य बदललं म्हणून कुणाला पुन्हा बोलवावं लागत नाही.

फक्त नावांपाशी अडखळतो.
मग मी शब्द मुद्दाम चुकीचे लिहिते,
ऱ्हस्वाचं दीर्घ करते, भलतीकडे तोडते,
तेव्हा कुठे तो शुद्ध बोलतो.
पंचवीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल शाई ओतली मी.
आता माझंच पान चुकांनी भरलेलं.

काल बोझेना आली, हातमोजे काखेत धरून.
चार हिवाळे झाले तिला इथे.
म्हणाली, सातव्या स्लाइडआधी कुणीतरी खोकायचं,
ते कुठे गेलं?

स्टेइनग्रिमुर. जुना मुकादम.
पहिलं रेकॉर्डिंग त्याचं, सामानाच्या खोलीत,
डोक्यावरून घोंगडी घेऊन.
खुर्ची करकरायची. तंबाखूचा तो खोकला
माझ्याकडूनच कापायचा राहिला होता.

"भाषा तेव्हा कळायची नाही मला," ती म्हणाली,
"पण तो खोकला, की मी मान वर करायचे."

सातवी स्लाइड पात्यांची आहे.

यंत्राला खोकता येत नाही.
विरामाची खूण मात्र कळते.
मी दोन सेकंद टाकले,
ऐकून पाहिलं.
काहीच नव्हतं तिथे.
धक्क्यावर एका बोटीचं इंजिन,
आणि माझे हात,
टेबलावरून कधी मागे घेतले
माझं मलाच कळलं नाही.