रकाना सहावा

रजिस्टरात सहावा रकाना : मोबाईल नंबर.
वाठोड्यातल्या माझ्या तीन गल्ल्यांत
दोन जिवाच्या बाया अकरा, नंबरही अकरा.
लावला की बाप्याचा आवाज,
‘कोन बोलून राह्यलं?’

सुकेशनी मेश्रामचा नंबर
पहाटे पाचला कळमन्याला जाते
नवऱ्याच्या खिशात.
तो मिरचीच्या पोत्यावर बसून रील पाहते
आणि तिच्या सोनोग्राफीची तारीख
तिथेच उतरते, ठसक्यात विरते.
रात्री विचारलं तर,
‘आला असन. मी पुसतो सगळे.’

हेडाऊंच्या सुनेजवळ स्वतःचा आहे,
माहेरचा, काच तडकलेला.
तो फ्रीजवर, पितळी डब्यात.
‘लेकरू बहिरं निपजते वं, पोटापासून दूर ठेव,’
सासू सांगते, आणि आपला
उशाखालून काढून भजन लावते.

शगुफ्ता बारावी झालेली.
टाइप करते : पाय सुजले सातवा महिना.
वाचते. मग शोधलेलं पुसते,
भांडी झाल्यावर ओटा पुसावा तसं,
कोणी पाहायच्या आत.

आणि मी सांगत फिरते, मेसेज येईल, वाचा.

परवा रात्री अडीचला एकच रिंग, कट.
परत एक, कट.
अनोळखी नंबर. मी उलट लावला.
पहिल्यांदाच बाईचा आवाज :
‘ताई, मी सुकेशनी. पोटात दुखून राह्यलं.
हे भिवापूरले गेले माल आणाले,
फोनबी गेला.
हा बाजूच्या पोराचा आहे.
तुमचा नंबर पाठ आहे मले,
सिलिंडरमागं चुन्यानं लिहून ठेवला होता.’
एवढ्या कळांतही
पोराचा बॅलन्स वाचवत होती.

डागात उजाडता उजाडता मुलगी झाली.
नवरा आला दहाला, केसांत मिरचीची धूळ,
ओशाळला, खिशातून फोन काढून
तिच्या हातात दिला.
‘बोल तुह्या मायशी.’
तिनं एका हातानं लेकरू सावरलं,
दुसऱ्या हातातल्या काचेकडे पाहत राहिली.
‘कुठं दाबू?’

घरी येऊन मी रकान्यातला नंबर खोडला.
नवा काय लिहावा, सुचेना.
पेनाचं टोपण चावत बसले.

आतून यांनी हाक दिली,
‘अगं, तुझं मानधन जमा झालं.
मेसेज आला मले.’